दक्षिण कॅरोलिनाच्या ‘अनवाणी आमदारां’ची ती क्लिप

‘शिक्षणाची अट न घालता मताधिकार दिला की काय होतं ते पाहा. दक्षिण कॅरोलिना विधानसभा, 1870.’ अमेरिकेतल्या या राज्याबद्दलच्या मेसेजखाली क्लिप: एक कृष्णवर्णीय आमदार अनवाणी पाय टेबलावर टाकून बसलाय, दुसरा बाटली तोंडाला लावतोय. आता घरच्या ग्रुपवरही ती येऊन पोचली. पुरे झालं.

1870 मध्ये चलच्चित्रंच नव्हती! हा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या 1915 च्या मूकपटातला प्रसंग आहे. पडद्यावरची पाटी सांगते की सभागृह ‘कोलंबिया स्टेट’च्या छायाचित्रावरून हुबेहूब उभारलंय. ते वर्तमानपत्र निघालं 1891 मध्ये. फोटोवरून फार तर खुर्च्या-टेबलं मांडता येतात. अनवाणी पाय आणि बाटली दिग्दर्शकाने घातली.

अशा क्लिपमागचा पहिला दावा: ‘सगळे अंगठाबहाद्दर.’ इतिहासकार एरिक फोनर यांनी गुलामगिरी संपल्यानंतरच्या त्या काळातल्या, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सुमारे दीड हजार कृष्णवर्णीय पदाधिकाऱ्यांच्या नोंदी जमवल्या. ज्यांच्या साक्षरतेची माहिती मिळते, त्यांतले 83 टक्के साक्षर होते. तेही कुठल्या परिस्थितीत? याच राज्यात 1834 च्या कायद्याने गुलामाला अक्षरओळख करून देणाऱ्या गोऱ्याला 100 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. शिकवणारा स्वतः गुलाम असेल तर 50 पर्यंत फटके. आधी पाटी हिसकावायची आणि मग निरक्षर म्हणून हिणवायचं, याची चीड येते. सत्ता मिळाल्यावर याच लोकांनी 1868 च्या राज्यघटनेत सर्व वर्णांसाठी सरकारी शाळा लिहिल्या.

दुसरा दावा: ‘सगळी सत्ता त्यांचीच.’ खालच्या सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं, हे खरं. पण 1868 च्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, गोरे जास्त होते आणि 1868 ते 1877 मधले तिन्ही गव्हर्नर गोरेच.

भ्रष्टाचार? होता, नाकारत नाही. राज्यभवनात सरकारी खर्चाने दारू मिळे. सभापती घोड्यांच्या शर्यतीत 1,000 डॉलर हरला, तर सभागृहाने तेवढीच रक्कम त्याला बक्षीस म्हणून मंजूर केली. तो सभापती फ्रँकलिन मोझेस, तिथलाच गोरा माणूस.

राहिली शिक्षणाची अट. ती 1895 च्या राज्यघटनेत आलीच: राज्यघटनेचं कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर 300 डॉलरच्या मालमत्तेवर कर भरल्याचं दाखवा. पहिली काही वर्षं ‘ऐकून समजलं’ तरी चालणार होतं, पण समजलं की नाही हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवणार. म्हणजे अट मतदाराला होती आणि अधिकाऱ्याला मात्र मोकळा हात होता. त्या घटनासभेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरले होते फक्त सहा. त्यांतले एक रॉबर्ट स्मॉल्स: जन्माने गुलाम, मोठेपणी अक्षरं शिकलेले आणि 1868 च्या घटनासभेत मोफत शाळांसाठी झटलेले.