मधाने परागकणांची अ‍ॅलर्जी जात नाही

‘रोज चमचाभर स्थानिक मध खा, हंगामी शिंका कायमच्या बंद होतील’ असा संदेश फिरतो आहे. तो खरा नाही. मधमाश्या प्रामुख्याने फुलांचे जड, चिकट परागकण गोळा करतात. नाकाला त्रास देतात ते गवत, तण आणि काही झाडांचे हलके, वाऱ्यावर उडणारे कण. मधात ते फारच थोडे असतात. खवखवत्या घशाला मध बरा वाटतो, पण १ वर्षाखालच्या बाळाला तो कधीच देऊ नका. मधातल्या जिवाणूंमुळे बाळाला होऊ शकणारी विषबाधा, म्हणजे बोट्युलिझम, जिवावर बेतू शकते. घरी करण्यासारखं खरोखर उपयोगी म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. मात्र पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं नको. धाप लागत असेल, छातीत घरघर असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.