‘डेटाबेस कनेक्ट होईना’ एवढंच सांगू नका, एरर वाचा!

वाळवा-पलूस पट्ट्यात गळीत हंगाम जोरात. वजनकाट्याचे आकडे घेणारा पायथनचा सर्व्हर नव्या मशीनवर चढवलेला. काट्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आणि निरोप काय येतो? "डेटाबेस कनेक्ट होईना, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं." अहो, पण लॉगची (सर्व्हर लिहून ठेवतो त्या नोंदींची) शेवटची ओळ काय म्हणतेय ती वाचा की!

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइमआउट’ हे दोन वेगळे आजार आहेत. रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत नाही. पोस्टग्रेस (म्हणजे आपला डेटाबेस) बंद असेल, नाहीतर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, ऐकत असेल, कारण डीफॉल्टच तसं आहे. ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ (कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते) बदलल्यावर रीलोड पुरत नाही, पोस्टग्रेस रिस्टार्टच करावं लागतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) असेल तर कंटेनरच्या आतलं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, हे कितीदा सांगायचं? टाइमआउट आला, म्हणजे उत्तरच आलं नाही, तर फायरवॉल आणि आयपी बघा. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं म्हणजे नेटवर्क ठणठणीत आहे! तरी लोक तेव्हाच पोस्टग्रेसचं 5432 पोर्ट अख्ख्या जगाला उघडून ठेवतात आणि पुन्हा बंद करायचं विसरतात. हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. पासवर्डात @ असेल तर कनेक्शनच्या यूआरएलमध्ये तो %40 असा लिहायचा, संपलं.

‘टू मेनी क्लायंट्स’ आलं की लगेच कनेक्शनांची कमाल मर्यादा 1000 करून मोकळे. आधी गुणाकार करा. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा 100, त्यातली 3 कनेक्शनं सुपरयूजरसाठी राखीव. एसक्यूएल-अल्केमीचा (पायथनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) कनेक्शनांचा पूल 5 आणि वरचे, म्हणजे ओव्हरफ्लो, 10, म्हणजे एका प्रोसेसला 15. आठ वर्कर, म्हणजे आठ प्रोसेस, लावले तर 120. बसणार कसे? ओव्हरफ्लो 5 वर आणा, 80 होतात.

पण खरा संताप येतो तो वीज जाऊन आल्यावर. मशीन उठतं, पायथन लगेच तयार, पोस्टग्रेस मात्र अजून लॉग चाळून सावरतंय. ‘डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ अशी एरर येते, सर्व्हर पडतो. सिस्टिमडीत (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘रिस्टार्ट ऑन-फेल्युअर’ लिहिलंय म्हणून सगळे निर्धास्त. पण दोन प्रयत्नांमधली डीफॉल्ट विश्रांती असते फक्त 100 मिलिसेकंद, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊन पडलं की सिस्टिमडी प्रयत्नच सोडून देतो. पुढं पोस्टग्रेस छान सुरू होतं, सर्व्हर मात्र सकाळपर्यंत मेलेला. रात्रपाळीचा काटेवाला शिव्या खातो, तोडलेला ऊस रांगेत वाळून वजनाला घटतो, नुकसान शेतकऱ्याचं. ‘रिस्टार्टसेक’ (हीच विश्रांती, सेकंदांत) 5 ठेवलं तर ती मर्यादा गाठलीच जात नाही. एक ओळ आहे! शिवाय कोडमध्येही पहिलं कनेक्शन मिळेपर्यंत 1, 2, 4, 8 सेकंद थांबत पुन्हा प्रयत्न करा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर सिस्टिमडीच्या युनिट फाइलमधल्या ‘आफ्टर’वर (‘अमुक सेवेनंतर सुरू हो’ या ओळीवर) भिस्त ठेवू नका, त्याला फक्त स्वतःच्या मशीनवरच्या सेवा कळतात. आणि हे सगळं हंगाम सुरू व्हायच्या आधी, मुद्दाम मशीनची वीज तोडून तपासा.