आधी लगीन रायबाचं

परवा मंगल कार्यालयाकडून डिपॉझिट परत मिळालं. १०,००० भरले होते, ७,८०० हातात आले. बावीसशे कुठं गेले म्हणून पावती उलटी केली, तर मागं निळ्या पेनानं लिहिलेलं: 'अक्षता सफाई १५००, हळदीचे डाग ७००.'

कार्यक्रम माजी सैनिकांच्या मेळाव्याचा होता. आलेली बहुतेक माणसं साठीच्या पुढची. अंगाला काही लावलंच असेल तर गुडघ्याला मलम. अक्षता तर कुणी आणल्याच नव्हत्या.

मराठा लाइट इन्फंट्रीत मी चोवीस वर्षं क्लार्क होतो. क्लार्कला गोळी लागत नाही असा पायदळातल्या लोकांचा समज असतो, म्हणून निवृत्तीनंतर संघटनेची सगळी कामं ते त्याच्याच अंगावर सोडतात. मी सचिव कसा झालो तेही सांगतो. बैठकीत निवड चालू असताना मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

मेळावा कधी घ्यायचा यावरच दोन बैठका गेल्या. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ साली त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. पण नेमकी संक्रांत. बायका वाणवसा टाकून येणार नाहीत, आणि बायका नसल्या तर आमचे निम्मे गडी घराबाहेर पडत नाहीत, कारण त्यांच्या गोळ्यांचा डबा बायकोच्या पर्समध्ये असतो. १६ डिसेंबर, १९७१चा विजय दिवस. पण त्या दिवसांत उसाची टोळी कधी फडात येईल याचा नेम नाही, आणि टोळी आली की माणूस ढाक्यातून माघारी येईल. २६ जुलै, कारगिल. तेव्हा भातलावण. लढायांच्या तारखा धरताना सातारा जिल्ह्यातल्या शेतीचा कुणी विचार केलेला दिसत नाही.

उरली ४ फेब्रुवारी. आमच्या रेजिमेंटचा मराठा दिन. १६७० साली त्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. भात नाही, संक्रांत नाही. सगळ्यांनी एकमतानं माना डोलावल्या आणि हॉल बघायला मला पाठवलं.

मॅनेजर पस्तिशीचा. कपाळाला गंध, कानात ब्लूटूथ, समोर कॉम्प्युटर.

"या मेजर, बसा."

आमच्याकडं शिपाई पहिल्या सुट्टीवर आला की गावात मेजर होतो. मी हवालदार म्हणून घरी आलो, पण हे प्रमोशन मी कधी नाकारलेलं नाही.

"४ फेब्रुवारी पाहिजे."

"चार?" त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "चारला दाट तिथ हाय. सकाळी एक लगीन, संध्याकाळी एक."

"अहो, त्या दिवशी तानाजीनं कोंढाणा घेतला."

"ते खरं हाय, मेजर. पण त्या लोकांनी आगाऊ भरल्यात."

यावर काय बोलणार? 'आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं' म्हणून तो माणूस पोराचं लग्न टाकून गडावर चढला, आणि साडेतीनशे वर्षांनी त्याच तारखेला रायबा पार्टीनं दोन्ही शिफ्ट बुक केलेल्या.

"अमावास्येला या की. निम्म्यात देतो. तुमच्यात अमावास्या पाळत्यात का?"

मी म्हटलं, फौजेत पेट्रोलिंगला मुद्दाम अमावास्येलाच काढायचे.

"मग झालं तर. मी मिलिटरीवाल्यांना लई मानतो. माझी चुलत मावशी मिलिटरीतच दिलीया."

"कुठल्या रेजिमेंटला?"

"अपशिंग्यात."

(अपशिंगे हे साताऱ्याजवळचं गाव. घरटी माणूस फौजेत, म्हणून नावापुढंच 'मिलिटरी' लागलेलं. तिथली सून म्हणजे मिलिटरीत दिलेलीच, त्याचं चूक नव्हतं.)

मग त्यानं कॉम्प्युटर पुढ्यात ओढला.

"नवऱ्या मुलाचं नाव?"

"लग्न नाहीये. मेळावा आहे. माजी सैनिकांचा."

"ते कळलं हो. पण ह्यात नाव टाकल्याबिगर पुढची खिडकीच उघडत न्हाई." त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. चि. अमुक, चि. सौ. कां. तमुक, दोन्हींपुढं लाल चांदणी.

"'इतर' असा रकाना नाही का?"

"हाय की. बारसं, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, एकसष्टी."

"मग एकसष्टी लिहा. निम्म्या लोकांची तीही होऊन गेलीय."

"एकसष्टीला शंभरच्या वर माणूस घेत न्हाई ते. तुमचं वऱ्हाड किती?"

"दीडशे."

"मग लगीनच." त्याची बोटं चालायला लागली. "वर: माजी सैनिक. आता नवरी सांगा."

मी गप्प बसलो. बाहेर मांडववाला पाइप आपटत होता. मॅनेजरनं छताकडं बघत थोडा विचार केला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"संघटना! तो सैनिक, ती संघटना. बसलं बघा."

व्याकरणात त्याला कुठं धरावं कळेना.

"वधूपिता?"

"कुणी नाही."

"पैसे कोण भरतंय?"

"मी."

"मग तुम्हीच की." इथंही त्याला धरता येईना. मला दोन मुली आहेत. "नवरीच्या खोल्या वरच्या मजल्यावर येतील."

"वर नको. आमच्या लोकांना जिना चढवत नाही."

"मग खालच्या नवरदेवाच्या घ्या. पण त्यांना वर पाठवलं तर मानपानाचं बघा हं, मेजर, आमच्यावर येऊ देऊ नका. गुरुजी तुमचे का आमचे?"

"गुरुजी नाहीत."

"तुमचे," तो पुटपुटला आणि खूण केली. "हळद आदल्या दिवशी का त्याच दिवशी?"

"हळद नाही हो!"

"त्याच दिवशी टाकतो. स्वस्त पडंल."

साहेब लोकांचे टीए-डीएचे क्लेम एका चुकलेल्या तारखेसाठी परत पाठवलेला मी माणूस. त्या पावतीवर खाली, 'वधूपक्षातर्फे' असं छापलेल्या रेघेवर, मी सही केली. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली होती, एवढंच कारण.

पुढं नफरी. लंगरमध्ये रोटी लाटायच्या आधी नफरी कळते, किती हजर, किती सुट्टीवर, किती आजारी, एका माणसाचा फरक नाही. तीच माणसं पेन्शनीत गेली की त्यांची नफरी ब्रह्मदेवालाही लागत नाही. ग्रुपवर विचारलं, कोण कोण येणार? २१२ सभासदांपैकी १८० जणांनी लिहिलं, 'जय हिंद.' फौजेत जय हिंदचा अर्थ रामराम, हो, नाही, कळलं, अजिबात कळलं नाही आणि आता फोन ठेवा, यांपैकी काहीही होतो. मी दीडशे पानं सांगितली. एका सुभेदारसाहेबांनी तेवढं स्पष्ट कळवलं होतं की मी येऊ शकत नाही. ते सून, दोन नातवंडं आणि नातवंडांच्या शिकवणीच्या बाईंसह आले. एकूण एकशे नव्वद. त्यातून आदल्या दिवशी महाशिवरात्र. उपास सोडायला मटण चालतं का, यावर पातेलं चढल्यावर चर्चा सुरू झाली.

आणि दारातच तो बोर्ड. लाल अक्षरं उजवीकडून डावीकडं पळतायत: 'चि. माजी सैनिक व चि. सौ. कां. संघटना यांच्या शुभविवाहास आपले सहर्ष स्वागत.' मी मॅनेजरला शोधायला धावलो. तो म्हणाला, बोर्ड कॉम्प्युटरला जोडलेला आहे, आपल्या हातात काही नाही. तासाभरात सगळा हॉल मला व्याही म्हणायला लागला. कोयनेकडच्या एका लान्स नाईकनं बायकोनं बजावल्याप्रमाणं १०१ रुपयांचा आहेर पाकिटात घालून दिला. गंभीरपणे दिला. मी घेतला. काय करणार, वहिनी बघत होत्या.

नोंदणीच्या टेबलावर रांग लागली म्हणून मला बरं वाटलं, तर रजिस्टरमध्ये सही कुणालाच करायची नव्हती. सगळ्यांना 'स्पर्श'चा पासवर्ड पाहिजे होता. पेन्शन त्या पोर्टलवर गेल्यापासून आमचा प्रत्येक मेळावा म्हणजे सायबर कॅफे असतो. एक नाईक हयातीचा दाखला करायला आधारकार्ड घेऊनच आला होता. ठशाच्या मशिनवर त्यानं दहाही बोटं टेकवून पाहिली. खुरप्यानं आणि कुळवानं ठसे कधीच गेलेत. तो जिवंत आहे हे मला दिसत होतं, त्याच्या बायकोला दिसत होतं, दोनदा रस्सा मागितला म्हणून वाढप्यालाही दिसत होतं. मशीन मात्र मानेना. शेवटी माझ्या मोबाईलनं त्याचा चेहरा ओळखला, तोही टोपी आणि चष्मा काढल्यावर. या भानगडीत माझं जेवण राहिलं ते राहिलंच. मला शेवटी नुसता भात आणि रश्श्यावरचा तवंग मिळाला.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांच्याबद्दल एवढंच.

वीरनारींचा सत्कार झाला, शाल-नारळ झाले, मग वर्षभरात गेलेल्यांची नावं मी वाचली. नऊ. सावधान म्हटल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. ज्यांना धरून उभं करावं लागतं तेही टाचा जुळवून उभे. अर्धा मिनिट झाला असेल, आणि लाइट गेली. पंखे थांबले. मागं जनरेटर धडधडून सुरू झाला, आणि त्याच्याबरोबर हॉलच्या चारही कोपऱ्यांतून सनई. लाइट आली की सनई आपोआप लागायची, तशी सोयच करून ठेवलेली होती.

कुणी हललं नाही.

सनई ऐकून आचाऱ्याच्या एका पोराला वाटलं, मुहूर्ताची वेळ झाली. तो गुलाबदाणी घेऊन धावत आला आणि पहिल्या रांगेवर शिंपडत निघाला. डावीकडून उजवीकडं, शिस्तीत, एकालाही न वगळता. आमच्या सुभेदारसाहेबांच्या चष्म्यावर दोन थेंब पडले. एक काचेवरून घरंगळत खाली आला आणि मिशीत गेला. त्यांचा हात पँटच्या शिवणीला चिकटलेला होता, तो तसाच राहिला. उरलेला दीड मिनिट एकशे नव्वद माणसं सनईत उभी राहिली. मी घड्याळाकडं बघत होतो, कारण दुसरीकडं बघितलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. हसू की काय, तेही सांगता येत नाही.

विश्राम म्हटल्यावर साहेबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बाबू, पोरगी कुठं दिलीस?"

तर परवाची गोष्ट. पावती घेऊन मी मॅनेजरसमोर बसलो.

"अक्षता कुणी टाकल्या?"

"मेजर, ते फिक्स असतंय. लगीन म्हटलं की अक्षता आल्या."

"लग्न नव्हतं."

"पावतीवर हाय की. सही तुमचीच हाय."

"आणि हळदीचे डाग?"

"एका खुर्चीच्या कव्हरवर पिवळा डाग हाय. दाखवू?"

दाखवला. तो मटणाच्या रश्श्याचा होता. चोवीस वर्षं फौजेचा रस्सा खाल्लेल्या माणसाला रस्सा आणि हळद यांतला फरक कळतो, असं मी त्याला जरा मोठ्यानंच सांगितलं. त्यानं शांतपणे कानातलं ब्लूटूथ काढलं, पुढं वाकला आणि आवाज खाली आणला.

"जाऊ द्या मेजर, बावीसशे सोडून देतो. तेवढ्या कोट्यातल्या दोन बाटल्या बघा की."

हे मला माहीत असायला हवं होतं. गावात फौजी माणसाला कुणी विचारत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, कॅन्टीनचा कोटा आला की सगळे विचारतात. वायरमन विचारतो. कंपाउंडर विचारतो. वडिलांच्या पश्चात सात-बाऱ्यावर नाव लावायला खेटे घालत होतो, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसानं आधी माझं कार्ड कुठल्या कॅन्टीनचं आहे ते विचारलं आणि मग गट नंबर. २६ जानेवारीला सकाळी झेंड्याजवळ आम्ही देशाची शान असतो, दुपारपर्यंत 'एक खंबा जमंल का?' मी पीत नाही. कार्डावरची बाटली दुसऱ्याला दिली तर कार्ड बंद होऊ शकतं. या दोन्ही गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्यात की लोक मला कंजूष समजतात. काही जण सरळ खोटारडा म्हणतात. लग्नात आडनाव विचारावं तसं रँक विचारतात, कारण रँकवर कोटा ठरतो हे आता सगळ्या तालुक्याला माहीत झालंय. मी कुठं होतो, काय केलं, बर्फात पाय सुजलेल्या पोरांची आजारपणाची कागदं रात्री तीन-तीनला कशी टाइप केली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. विचारू नका. पण बाटली तरी मागू नका.

हे सगळं मी मॅनेजरला बोललो नाही. "नाही जमणार," एवढंच म्हणालो, ७,८०० मोजून घेतले आणि निघालो.

आता पंचाईत हिशेबाची. आमचे खजिनदार म्हणजे क्वार्टरमास्टर ब्रँचमध्ये जन्म गेलेला माणूस, बुटाच्या लेसचाही हिशेब मागणारा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "अक्षता सफाई? कुठल्या हेडखाली टाकू?" मग आहेराचे १०१ रुपये जमेला धरायचे की वधूपित्याच्या खिशातले समजायचे, यावर अर्धा तास गेला. बायको आतून म्हणाली, "अहो, आपल्या घरातून घाला ते बावीसशे आणि मिटवा." तेही झालं. मीच घातले.

आणि काल संध्याकाळी फोन.

"मेजर, रागावला न्हाई ना? जुनी पार्टी म्हणून तुम्हाला पहिला फोन करतोय. पुढच्या साली चार फेब्रुवारी मोकळी हाय. टाकू का नाव?"

मी म्हटलं, "लग्न म्हणून नको. माझी सही मिळणार नाही."

"छ्या, लगीन कसं टाकू? लगीन तर झालंय की, सिस्टिमला दिसतंय. आता परत त्याच नावानं घेणारच न्हाई ते." थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज. "बारसं टाकतो. लिमिट दोनशेपर्यंत वाढवून घेतलंय. आणि बारशाला अक्षता नसत्यात."

मी विचारलं, "दर काय आहे?"