‘मासे नसतील तर ओर्का सील खातील’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्कांबद्दल, म्हणजे ‘किलर व्हेल’च्या एका गटाबद्दल, एक मजकूर सारखा फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं : ओर्का जगभर हजारोंनी आहेत, उगाच ओरड चालू आहे. मासे कमी पडले तर ते सील खातील. विषारी रसायनांवर बंदी कधीच आली. तरीही ते संपले तर ती निसर्गाची इच्छा. वाचताना पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

हजारो आहेत, हे खरं. पण सदर्न रेसिडेंट म्हणजे जे, के आणि एल हे तीनच कळप, सगळे मिळून 75 च्या आसपास. त्यांची बोली वेगळी, आहार वेगळा, शेजारून जाणाऱ्या इतर ओर्कांशी त्यांची वीण होत नाही. म्हणजे बाहेरून भर पडणार नाही. अमेरिकेने 2005 साली त्यांना संकटग्रस्त ठरवलं, ते याच गटाला.

आता सीलचं. त्याच पाण्यात सील खाणारे ओर्का आहेत, त्यांना बिग्ज ओर्का म्हणतात, आणि त्यांची संख्या वाढतेय. मग यांनी का खाऊ नये? सीलचे कान तिखट, म्हणून बिग्ज ओर्का शिकारीला निघाले की आवाज बंद ठेवतात. रेसिडेंटांचं नेमकं उलट. ते गढूळ पाण्यात टिकटिक आवाज सोडत राहतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चिनूक सॅमन हे आपले मासे हुडकतात. पिल्लू हे वडीलधाऱ्यांबरोबर पोहत शिकतं. पिढ्यान् पिढ्या मुरलेली ही विद्या पोट रिकामं झालं म्हणून बदलत नाही. बदलली असती, तर डोक्यामागची चरबी आटून तिथे खळगा पडलेले ओर्का संशोधकांना दिसलेच नसते.

बंदीचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांचं उत्पादन अमेरिकेत 1979 मध्ये बंद झालं, पण ही रसायनं सहजी विघटित होत नाहीत. ती गाळातून माशांत आणि माशांतून ओर्काच्या चरबीत साठतात. पोट भरलेलं असतं तोवर बरीचशी तिथेच पडून राहतात. उपासमार सुरू झाली की शरीर चरबी जाळतं आणि साठलेलं विष रक्तात उतरतं. आईच्या दुधातून त्याचा मोठा वाटा पहिल्या पिल्लाला जातो. खरं तर बिग्ज ओर्कांच्या अंगात पीसीबी याहून जास्त आहे, तरी ते वाढताहेत, कारण त्यांना खायला मिळतं. भूक आणि विष यांचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही.

याचा माग कसा काढला, तेही सांगतो. बोटीच्या टोकावर शिकवलेला कुत्रा उभा करायचा. तो पाण्यावर तरंगणाऱ्या ओर्काच्या विष्ठेचा वास घेतो, तो जिकडे वळेल तिकडे बोट न्यायची. त्या विष्ठेतल्या संप्रेरकांवरून गर्भधारणा कळते, उपासमारही कळते. 2008 ते 2014 या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे 69 टक्के वाया गेल्या.

आणि ‘निसर्गाची इच्छा’? 1960-70 च्या दशकांत याच कळपांतली पिल्लं मत्स्यालयांसाठी जाळी टाकून पकडून नेली, ती माणसांनी. सॅमनची वाट अडवणारी धरणं माणसांनी बांधली. बोटींच्या गोंगाटात ओर्काला माशाचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, तो गोंगाटही आपलाच. 2018 मध्ये जे-35 या मादीने मेलेलं पिल्लू 17 दिवस डोक्यावर तोलून वाहून नेलं. ते पाहून निसर्गाकडे बोट दाखवायला माझी जीभ रेटत नाही.

जे माणसाने बिघडवलं, त्यातलं बरंच माणसाला सुधारता येतं. वॉशिंग्टनमध्ये 2025 पासून बोटींना या ओर्कांपासून 1000 यार्ड, म्हणजे सुमारे 900 मीटर, लांब राहावं लागतं. ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये पाडून झाली. त्याच ऑक्टोबरात, धरणं होती त्याच्याही वर ऑरेगनमध्ये चिनूक पोहोचले. तिथे ते 1912 नंतर पहिल्यांदाच दिसत होते. ही नदी ज्या समुद्राला मिळते, त्याच किनाऱ्याने के आणि एल कळप हिवाळ्यात मासे शोधत कॅलिफोर्नियापर्यंत उतरतात.