अमेरिकेच्या कोर्टाने भूत मान्य केलं? निकाल वाचा तरी!

घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. सारांश असा: अमेरिकेच्या कोर्टाने भुतं असतात हे मान्य केलं, घरात खून, आत्महत्या किंवा भूतबाधा झाली असेल तर तिथल्या मालकाला ते सांगावंच लागतं, नाहीतर भरपाई द्यावी लागते, आपल्याकडे तसा कायदाच नाही, फसलात तर महारेराकडे जा. यातला खटला खरा आहे. बाकीचं मीठमसाला.

आधी भूत. खटला १९९१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावचा. हडसन नदीकाठचं जुनं घर, किंमत साडेसहा लाख डॉलर, विसार ३२,५०० डॉलर. घेणारा न्यूयॉर्क शहरातला, त्यामुळे गावात या घराबद्दल काय बोलतात ते त्याच्या कानावर नव्हतं. आणि ते बोलणं सुरू कुणी केलं? खुद्द मालकिणीने. घरात भुतं असल्याचं तिने १९७७ मध्ये रीडर्स डायजेस्टला सांगितलं, स्थानिक वर्तमानपत्रांतही छापून आलं. १९८९ मध्ये गावातली घरं पायी फिरून दाखवणाऱ्या सहलीत हे घर ‘भुतासह’ असं जाहीर होतं. विकताना मात्र बाई गप्प!

‘कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे’ हे वाक्य निकालात आहे, आणि फॉरवर्डवाले तेवढंच उचलतात. त्याच्या आगेमागे काय आहे? भुतं खरी की मनाचे खेळ, हा प्रश्न कोर्टाने बाजूलाच ठेवला. म्हटलं एवढंच, की घरात भूत आहे असं गावभर सांगितल्यावर आता ‘नाही’ म्हणायचा हक्क मालकिणीला उरत नाही. आपल्याकडे वकील याला विबंध म्हणतात. शिवाय कितीही काळजीने घर तपासलं तरी अशी गोष्ट घेणाऱ्याच्या हाती लागणारी नव्हती. हा निकालही एकमताचा नाही, तीन विरुद्ध दोन असा आहे. मालकिणीने कधी तोंडच उघडलं नसतं, तर खटला उभा राहायला आधारच नव्हता.

भरपाईचं तर उलटंच आहे. घेणाऱ्याचे दावे खालच्या कोर्टाने फेटाळले होते. त्यातला करार रद्द करून मागण्याचा दावा वरच्या कोर्टाने या निकालात पुन्हा उभा केला. फसवणुकीची भरपाई मागणारा दावा फेटाळलेलाच राहिला.

बरं, ‘सांगावंच लागतं’ हे तरी? त्याच न्यूयॉर्कने १९९५ मध्ये कायदा करून ठरवलं की घरात झालेला खून, आत्महत्या किंवा मृत्यू न सांगितल्याबद्दल मालकावर दावा चालणार नाही. घेणारा लेखी विचारू शकतो, पण उत्तर द्यायचं की नाही ते मालकाने ठरवायचं. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की घरात झालेले खून आणि आत्महत्या हा त्या वास्तूतला दोष नव्हे. कॅलिफोर्निया कडक म्हणतात, तिथेही तीन वर्षांहून जुना मृत्यू आपणहून सांगायची सक्ती नाही. थेट विचारल्यावर खोटं बोलता येत नाही, इतकंच. ‘अमेरिकेचा कायदा’ असा एक नाहीच, प्रत्येक राज्याचा वेगळा.

आता ‘आपल्याकडे कायदाच नाही’. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं ही फसवणूक. छपराची लपवलेली गळती किंवा हक्कावरचा वाद यात सरळ बसतो. आत्महत्येने मजला गळत नाही की सातबारा बदलत नाही, त्यामुळे ती ‘मालमत्तेतला दोष’ म्हणून पटवणं अवघड. त्यातून वॉचमनपासून समोरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट साध्या चौकशीत कळली नसती, हे कोर्टाला कसं पटवणार?

पण तुम्ही विचारलंत आणि मालक खोटं बोलला, तर चित्र पालटतं. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये नुसतं गप्प राहणं एरवी फसवणूक धरलं जात नाही. जाणूनबुजून खोटं सांगून गळी उतरवणं धरलं जातं. मग ‘शेजारी विचारलं असतं तर कळलं असतं’ ही ढालही मालकाला सहज वापरता येत नाही. म्हणून विसार देण्याआधी हा प्रश्न मेसेजवर का होईना, लेखी विचारावा. दलालाला तो आवडणार नाही, त्याला वाईट वाटू द्या.

राहिलं महारेरा. हे नियामक प्राधिकरण ज्या कायद्याने चालतं, तो मुख्यतः प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, आणि प्रकल्पांची विक्री करणारे एजंट यांच्यासाठी आहे. जुन्या सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट विकणारे काका काही प्रवर्तक नव्हेत. त्यांच्याशी भांडण झालं तर वाट दिवाणी कोर्टाची.