४ मेची ती सुट्टी हजारो वर्षांची नाही

दरवर्षी मे महिना आला की एक मेसेज घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर फिरून येतो. यंदा आत्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "तू तिकडे होतास ना? खरंय का रे हे?"

मेसेज थोडक्यात असा. जपानमध्ये निसर्गाचे आभार मानायला ४ मेला राष्ट्रीय सुट्टी असते. ही तिथली हजारो वर्षांची परंपरा आहे. त्या दिवशी सगळा देश कामधंदा बंद ठेवतो आणि प्रत्येक जपानी माणूस एक झाड लावतो. अशी सुट्टी जगात फक्त जपानमध्येच आहे. म्हणूनच तिथे ६७ टक्के जमीन जंगलाखाली आहे, आणि आपण मात्र झाडं तोडत बसलोय.

सुट्टी खरी आहे, तारीख खरी आहे, ६७ टक्के हा आकडाही बरोबर आहे. बाकी जवळपास प्रत्येक वाक्य चुकलं आहे. पुण्यात जपानी शिकून तोक्योत तीन वर्षं नोकरी केली, त्या देशावर माझा जीव आहे. म्हणूनच हे उत्तर फोनवर दोन वाक्यांत न उरकता लिहून काढतो आहे.

आधी "हजारो वर्षं" पाहू. या सुट्टीचं नाव 'मिदोरि-नो-हि', म्हणजे हिरवाईचा दिवस. ती सुरू झाली १९८९ साली. त्या वर्षी ७ जानेवारीला सम्राट हिरोहितो, म्हणजे शोवा सम्राट, वारले. त्यांचा जन्म २९ एप्रिल १९०१ चा, आणि सम्राटाचा वाढदिवस म्हणून २९ एप्रिलला देशाला सुट्टी असे. नव्या सम्राटांचा वाढदिवस डिसेंबरात, त्यामुळे एप्रिलची सुट्टी नियमाप्रमाणे गेलीच असती. पण ३ मेचा संविधान दिन आणि ५ मेचा बालदिन तिच्या पाठोपाठ येतात. त्यांतून जी सलग सुट्ट्यांची माळ तयार होते तिला तिकडे 'गोल्डन वीक' म्हणतात, आणि माळेचा पहिलाच मणी निखळला असता. म्हणून दिवस ठेवला आणि नाव बदललं. हिरवाईचंच नाव का, तर दिवंगत सम्राटांना वनस्पतींचं आणि समुद्री जीवांचं अभ्यासक म्हणता येईल इतकं वेड होतं.

म्हणजे १९८९ ते २००६ हा दिवस २९ एप्रिलला होता. पुढे २९ एप्रिलला शोवा सम्राटांच्या काळाचंच नाव द्यावं असा आग्रह धरला गेला. २००५ साली कायदा बदलला आणि २००७ पासून २९ एप्रिल झाला 'शोवा दिन', तर हिरवाईचा दिवस गेला ४ मेला. ४ मे तोवर नुसतीच बिननावाची सुट्टी होती, दोन सणांच्या मध्ये सापडलेला दिवस म्हणून दिलेली. आज शाळेत जाणाऱ्या कोणत्याही जपानी मुलाची आई या परंपरेपेक्षा वयाने मोठी असण्याची शक्यता आहे.

हे कळलं की काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. "म्हणजे हा नुसता राजाचा वाढदिवस, निसर्गाचं नाव उगाच चिकटवलेलं," असं मला आमच्याच ग्रुपवर एकाने ऐकवलं. तेही मला मान्य नाही. सुट्ट्यांच्या कायद्यात या दिवसाचा हेतू एका ओळीत दिला आहे: निसर्गाशी जवळीक साधावी, त्याच्या उपकारांबद्दल कृतज्ञ राहावं आणि मन समृद्ध करावं. सम्राटाचा उल्लेखही नाही. सुट्टी कॅलेंडर वाचवायला जन्मली हे खरं, पण लोकांनी तिला जवळ केलं हेही तितकंच खरं.

मी एका ४ मेला तोक्योतल्या चोफूच्या जिंदाई वनस्पती उद्यानात गेलो होतो. त्या दिवशी तिथे आणि उएनोच्या प्राणिसंग्रहालयात तिकीट लागत नाही, त्यामुळे गर्दी भरपूर. एका मोठ्या झाडाच्या खोडाला नावाची पाटी बांधली होती. पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्यावरची काताकाना, म्हणजे एका जपानी लिपीतली, अक्षरं बोट ठेवून वाचत होती: कु, सु, नो, की. तिच्या आजोबांनी खाली पडलेलं एक लालसर पान उचललं, चुरगाळलं आणि तिच्या नाकाशी धरलं. मग माझ्याकडे बघून हसले आणि ते पान माझ्याही पुढे केलं. वास घेतला तर थेट देवघरातला कापूर. कुसुनोकी म्हणजे कापराचं झाड. नवी पालवी फुटताना, नेमक्या याच दिवसांत, ते जुनी पानं गाळतं. मी आयुष्यभर आरतीला कापूर लावला, पण त्याचं झाड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कायद्यातली ती "जवळीक" मला त्या पानात समजली.

झाड मात्र तिथे कोणी लावत नव्हतं. "प्रत्येक जपानी माणूस झाड लावतो" हे या मेसेजमधलं सगळ्यात खोटं वाक्य. वृक्षारोपणाचा राष्ट्रीय सोहळा जपानमध्ये आहे, पण तो वेगळा. १९५० साली यामानाशी प्रांतात तो सुरू झाला. दरवर्षी नव्या प्रांतात, बहुतेक मेअखेरीस किंवा जूनमध्ये होतो, आणि सम्राट-सम्राज्ञी स्वतः रोपं लावतात, बिया पेरतात. त्याच १९५० मध्ये हिरव्या पिसाचा निधी सुरू झाला: झाडांसाठी पैसे द्यायचे आणि हिरवं रंगवलेलं पीस छातीवर टोचून घ्यायचं. आपल्याकडे कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तोही १९५० मध्येच. दोन्ही देशांना एकाच वर्षी हे सुचलं, ही गोष्ट मेसेजमधल्या तुलनेपेक्षा मला जास्त मोलाची वाटते.

सगळा देश बंद? दुकानं, हॉटेलं, गाड्या, सगळं सुरू असतं. उलट गोल्डन वीकमध्ये महामार्ग तुंबतात आणि शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, उभं राहायला जागा नसते. खासगी कंपनीने राष्ट्रीय सुट्टी द्यायलाच हवी अशी तिथल्या कामगार कायद्याची सक्ती नाही.

"फक्त जपानमध्येच" हेही टिकत नाही. शेजारच्या दक्षिण कोरियात ५ एप्रिलचा वृक्षारोपण दिन अनेक दशकं सरकारी सुट्टीचा होता. २००६ पासून त्याची सुट्टी गेली, दिवस अजून पाळतात. खुद्द जपानमध्ये हा एकटा दिवस नाही. जुलैत समुद्र दिन असतो, १९९६ पासून. ११ ऑगस्टला पर्वत दिन, २०१६ पासून. आणि सगळ्यांत जुना वसंतसंपाताचा, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, जो १९४८ च्या मूळ कायद्यातच आहे. त्याचा हेतू लिहिलाय: निसर्गाची थोरवी गावी, जीवांना माया लावावी. मेसेज लिहिणाऱ्याला निसर्गाची सुट्टी हवीच होती, तर ही जास्त शोभली असती.

आता ६७ टक्के. इथे थांबायला हवं, कारण "म्हणूनच" हा शब्द सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. जपानचं वनक्षेत्र सुमारे अडीच कोटी हेक्टर आहे आणि ते १९६० च्या दशकापासून जवळपास तेवढंच आहे. १९८९ च्या सुट्टीने त्यात भर पडलेली नाही. जंगल राहिलं त्याची कारणं जुनी आणि बरीच कठोर आहेत. देशाचा मोठा भाग उभ्या डोंगरांचा, तिथे शेती होत नाही. १६६६ साली तेव्हा देशावर सत्ता असलेल्या तोकुगावा राजवटीने हुकूम काढला की नद्यांच्या वरच्या अंगाला झाडाझुडपांची मुळं खणू नयेत आणि उघड्या जागी रोपं लावावीत, कारण माती वाहून नद्या भरत होत्या. मध्य जपानातल्या किसोच्या खोऱ्यात हिनोकीसारख्या (हा सरूसारखा सूचिपर्णी वृक्ष) पाच जातींची झाडं तोडायला बंदी होती, आणि "एक झाड, एक मुंडकं" अशी म्हण तिथे पडली. त्या जंगलामागे कृतज्ञतेइतकीच शिक्षेची भीतीही आहे.

शिवाय त्या ६७ टक्क्यांतलं सुमारे ४० टक्के जंगल माणसाने लावलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर डोंगर बोडके झाले, पूर आले. मग सरकारने लावणीचा धडाका लावला. पुढे घरबांधणीला लाकूड हवं म्हणून नैसर्गिक पानझडी जंगलंही तोडून सुगी आणि हिनोकी या सरळसोट वाढणाऱ्या जाती लावल्या. १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागलं आणि ही झाडं वेळच्या वेळी विरळ करायलाही कोणी उरलं नाही. अशा सुगीच्या रानात मी चाललो आहे. बाहेरून हिरवंगार, आत दुपारीही अंधार, आणि जमिनीवर गवताचं पातं नाही.

या झाडांची किंमत लोक नाकाडोळ्यांनी मोजतात. सुगीच्या परागाने होणारी ॲलर्जी १९६४ मध्ये निक्को या गावाहून पहिल्यांदा नोंदली गेली. २०१९ मध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या कुटुंबीयांची देशभर पाहणी झाली, त्यात ३८.८ टक्के लोकांना ती निघाली. मार्चमध्ये आमच्या गॅलरीच्या कठड्यावर हळदीसारखी पिवळी पूड बसायची. ओल्या फडक्याने सकाळी पुसली तरी संध्याकाळी पुन्हा बोटाला लागायची. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की दहा वर्षांत सुगीची लागवड पाचव्या हिश्श्याने कमी करायची. मेसेजमध्ये ज्या जंगलाचं कौतुक आहे, त्यातला काही भाग जपान आज स्वतःहून कापायला निघाला आहे. आणि २०२४ पासून दर करदात्याकडून वर्षाला १००० येन वनांसाठी कर घेतला जातो, त्यातून ही पडीक रानं सांभाळायची आहेत.

मग जपानमध्ये जुनं, खरोखर शेकडो वर्षांचं असं काही नाही का? आहे, आणि मराठी माणसाला ते पटकन ओळखू येईल. गावच्या देवस्थानाभोवती राखलेलं रान, जिथे कोयता लावत नाहीत. त्याला ते 'चिन्जु-नो-मोरी' म्हणतात, आपण देवराई म्हणतो. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तो वाचताना मला सारखी त्या जपानी रानांची आठवण येत होती.

पण ही परंपरा जपानने नेहमीच जपली असंही नाही. १९०६ पासून तिथल्या सरकारने छोटी देवस्थानं मोडून ती मोठ्यांत विलीन करायला सुरुवात केली. हजारो देवस्थानं गेली आणि त्यांच्या देवराया लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या. याविरुद्ध वाकायामातला एक माणूस उभा राहिला, मिनाकाता कुमागुसु. लहानपणी त्याच्या नावात 'कुसु' आलं ते फुजिशिरो देवस्थानच्या कापराच्या झाडावरून. तिथल्या लोकांची मुलांची नावं त्या झाडावरून ठेवायची रीत होती. हा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून शिकलेला निसर्गशास्त्रज्ञ. त्याने वर्तमानपत्रांत लिहिलं, विद्वानांना पत्रं पाठवली. १९१० मध्ये तर विलीनीकरणाच्या बाजूच्या अधिकाऱ्याला भेटायला एका सभेत घुसला आणि १८ दिवस कोठडीत राहिला. तानाबेच्या खाडीतल्या काशिमा या छोट्या बेटावरची देवराई त्याच्या धडपडीने वाचली.

१ जून १९२९ ला तरुण शोवा सम्राट त्याच बेटावर उतरले. म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाची पुढे हिरवाईची सुट्टी झाली तेच. कुमागुसुने त्यांना स्लाइम मोल्डबद्दल सांगितलं, म्हणजे ओल्या कुजक्या लाकडावर वाढणारे ते जीव, ना धड बुरशी ना प्राणी. आणि ११० नमुने भेट दिले, कॅरॅमलच्या मोठ्या खोक्यांत भरून. १९६२ मध्ये सम्राट पुन्हा त्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पाऊस होता. धूसर दिसणाऱ्या काशिमाकडे पाहून त्यांनी पाच ओळींची कविता लिहिली आणि तीत कुमागुसुचं पूर्ण नाव घेतलं.