घर बदललं की बॅलट मागोमाग येत नाही

कॅलिफोर्नियातल्या आपल्या अमेरिकन नागरिक मंडळींनी हे नीट वाचा, कारण ३ नोव्हेंबर २०२६ची निवडणूक घर बदललेल्या अनेकांच्या हातून केवळ पत्त्यापायी निसटू शकते.

नव्या घरात जाताना वीज, बँक, मुलांची शाळा, सगळीकडे पत्ता बदलला जातो. पोस्टात मेल फॉरवर्डिंगही लावून होतं. मग वाटतं, टपालाने घरी येणारं बॅलट, म्हणजे मतपत्रिकाही, तशीच मागोमाग येईल. पण बहुतेक काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) बॅलटच्या पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ छापलेलं असतं. म्हणजे मतदार त्या पत्त्यावर राहत नसेल तर पोस्टमनने ते पुढे धाडायचं नाही, काउंटीकडे परत करायचं. पोस्ट आपलं काम चोख करतं आणि तुम्ही मात्र पत्रपेटीकडे डोळे लावून बसता.

हा नियम मला योग्यच वाटतो. बॅलट माणसाच्या नावाइतकंच पत्त्यावरही ठरतं. सॅन होजेत सिटी कौन्सिलचे १० डिस्ट्रिक्ट आहेत. दोन चौक पलीकडे राहायला गेलात तरी उमेदवार बदलू शकतात. काउंटी बदलली तर सुपरवायझर (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा सदस्य), स्कूल बोर्ड, स्थानिक कराचे प्रस्ताव, सगळंच वेगळं. जुन्या घराचं बॅलट नव्या घरी येऊन उपयोग काय?

खरी गोम पुढे आहे. पाकीट परत गेलं की काउंटी तुमचा पत्ता पडताळायला कार्ड पाठवते. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात कचऱ्यात गेलं की नाव ‘इनॲक्टिव्ह’ यादीत पडतं. २०२१च्या कायद्याने कॅलिफोर्नियात प्रत्येक ॲक्टिव्ह मतदाराला घरपोच बॅलट मिळतं, पण इनॲक्टिव्ह मतदाराला नाही. त्या अवस्थेत ओळीने दोन फेडरल जनरल निवडणुका मत दिलं नाही, तर नाव कायमचं काढता येतं.

उपाय सोपा आहे, वेळेत करायला हवा इतकंच. राज्याच्या ‘रजिस्टर टू वोट’ साइटवर नव्या पत्त्याने पुन्हा नोंदणी करा. पत्ताबदलासाठीही हाच फॉर्म. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे ४ आकडे आणि जन्मतारीख जवळ ठेवा. अपार्टमेंट किंवा युनिट नंबर लिहिलाच पाहिजे. शंभर बिऱ्हाडांच्या इमारतीत तो नसेल तर पाकीट खालूनच परत जातं. फोन आणि ईमेलचे रकाने ऐच्छिक आहेत, तरी भरा. भरलेलं बॅलट परत पाठवताना पाकिटावर केलेली सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) पॅडवर घाईत ओढलेली रेघ आणि कागदावरची सावकाश केलेली सही जुळली नाही, तर काउंटीला तुम्हाला गाठावं लागतं. तेव्हा नुसत्या पत्रापेक्षा फोन लवकर लागतो.

डीएमव्हीला घर बदलल्यापासून १० दिवसांत नवा पत्ता कळवावाच लागतो. तिथून मतदार नोंदही बदलते, पण त्यावर विसंबू नका; राज्याच्या ‘माय व्होटर स्टेटस’ साइटवर आपली नोंद स्वतः पाहा. ग्रीन कार्ड किंवा एच-१बीवर असलेल्यांनी मात्र डीएमव्हीचा मतदानाचा भाग डोळ्यांत तेल घालून वाचावा. नागरिक असल्याची खूण चुकून केली आणि नाव नोंदलं गेलं, तर पुढे सिटिझनशिपच्या अर्जात, अगदी देशात राहण्यावरही गदा येऊ शकते. घरी आधीच्या भाडेकरूचं बॅलट आलं तर न उघडता, ‘इथे राहत नाही’ असं लिहून टपालात परत टाका.

काउंट्या ५ ऑक्टोबरपर्यंत बॅलट टपालात टाकतात. नोंदणीची नेहमीची मुदत १९ ऑक्टोबर. ती चुकली तरी निवडणुकीच्या दिवशी रात्री ८पर्यंत व्होट सेंटर, मतदान केंद्र किंवा काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जाऊन त्याच दिवशी नोंदणी आणि मतदान करता येतं. मतदानाआधीच्या १४ दिवसांत घर बदललं असेल तर जुन्या पत्त्यावरून मत देण्याची मुभा आहे. जुन्या घरी गेलेलं बॅलट मिळत नसेल तर काउंटीला फोन करून दुसरं मागवा. पहिलं रद्द होतं. भरलेलं बॅलट शेवटच्या दिवसांत टपालात टाकू नये असं माझं ठाम मत आहे. पोस्टाचा तारखेचा शिक्का बरेचदा सॉर्टिंग केंद्रात बसतो, त्यामुळे त्यावर टाकल्याच्या दिवसाची तारीख असेलच असं नाही. त्यापेक्षा काउंटीची ड्रॉप बॉक्स, म्हणजे भरलेली बॅलट टाकायची पेटी, गाठा.

आई-बाबा नागरिक आहेत आणि दिवाळीला पुण्या-ठाण्याला जाऊन तिथेच मुक्काम करणार आहेत, अशी घरं आपल्यात भरपूर. त्यांच्यासाठी ‘फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन’ हा परदेशातून मत देण्यासाठीचा अर्ज भरा आणि बॅलट ईमेलने मागवा. हा अर्ज दर वर्षी नव्याने करावा. परदेशातल्या मतदारांना बॅलट ४५ दिवस आधी निघतं, म्हणून सप्टेंबर उजाडायच्या आत अर्ज झालेला बरा. भरलेलं बॅलट कॅलिफोर्निया त्यांच्याकडून फॅक्सने घेतं, सोबत शपथपत्र जोडून; ईमेलने घेत नाही. फॅक्स मतदान संपण्याआधी पोचला पाहिजे, म्हणजे भारतात बुधवारी ४ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या आत. फॅक्सची सोय असलेलं दुकान आधीच शोधून ठेवा, हल्ली ती पटकन सापडत नाहीत.